अर्ध्या नदीत हरवलेली बाई

ती गोष्ट आठवली की आजही माझा गोंधळ होतो. गुन्हा काय होता, कोणाचा होता, आणि होता तरी का, हे मला नीट सांगता येणार नाही. जसं घडलं तसं लिहिते.

मी अधिकारी नव्हते. होमगार्डमध्ये महिला सैनिक होते. आमच्या गावची मराठी शाळा चौथीपर्यंतच होती, म्हणून माझं शिक्षणही तेवढंच. ठाण्यात एखाद्या बाईचं बयान, म्हणजे जबाब, घ्यायचं असलं की माझी ड्यूटी लागायची. मी शेजारी बसायचे, पाणी द्यायचे. बोलायची वेळ क्वचितच यायची, आणि मला ते बरंच होतं.

बालाघाटच्या ज्या भागात आमचं ठाणं होतं तिथं वैनगंगेच्या अल्याड मध्य प्रदेश आणि पल्याड महाराष्ट्र. तेव्हा पुलाचे नुसते खांब उभे होते. लोक नावेनं जात. पूर्वी एका झाडाच्या खोडातून कोरलेला डोंगा चालायचा. मग फळ्यांची नाव आली. दोन नावा बांधून त्यावर फळ्या टाकल्या की बैलगाडीसुद्धा पार व्हायची. नवरीची वरात, बाळंतीण, मास्तर, बकऱ्या, सगळे एकाच नावेत. नावाड्याचं घर तेच, पिढ्यान् पिढ्या.

उन्हाळ्याचे दिवस होते. मंगळवारी दुपारी एक माणूस ठाण्यात आला. त्याच्या धाकट्या भावाची बायको सकाळपासून घरात नव्हती. भाऊ हैदराबादला कामाला. हा बाईचा भासरा. मुंशीजींनी, म्हणजे आमच्या लिहिणाऱ्या हवालदारांनी, रोजनामच्यात गुमशुदगी, म्हणजे बाई बेपत्ता असल्याची खबर, नोंदवली. वय पंचवीस-सव्वीस, हिरवं लुगडं, हातात कापडी पिशवी.

तासाभरात घाटावरच्या दूधवाल्याचा फोन आला. हिरव्या लुगड्याची बाई सकाळच्या नावेत चढली, त्यानं डोळ्यांनी पाहिलं. ठाणेदार साहेबांनी पलीकडच्या ठाण्याला वायरलेस केला. तिकडच्या शिपायानं घाटावरच्या चहावाल्याला विचारलं. उत्तर आलं की अशी बाई पल्याड उतरलीच नाही.

चढली हे खरं. उतरली नाही हेही खरं. मग मधात आहे ती नुसती नदी.

नाव तपासली तेव्हा तळाशी हिरव्या बांगडीचे तुकडे सापडले. पंचनामा झाला. नावाड्याला ठाण्यात आणलं. साठीचा माणूस, हाताचे तळवे लाकडासारखे.

साहेब त्याच हिवाळ्यात ग्वाल्हेरकडून बदलून आले होते. माणूस वाईट नव्हता, पण नावेत कधी बसला नव्हता. त्यांनी हिंदीत विचारलं, "औरत कहाँ गई?"

नावाडी म्हणाला, "साहेब, माह्या नावेत जो बसला त्याची गोष्ट मी सांगत नाही. माह्या बापानं सांगतली नाही, आज्यानं सांगतली नाही."

मुंशीजींनी समजावलं, "अबे, खुनाचा गुन्हा कायम होईल. सांगून टाक."

"दोन्ही काठाची भांडणं माह्या नावेतून जातात, मुंशीजी. मी सांगत बसलो तं उद्या कोण बसंल नावेत?"

"उद्या नावेत बसायला तू पायजे का नाही?"

तो नुसता हसला. साहेबांनी टेबलावर हात आपटला, समोर बसवून ठेवलं, एकट्याला ठेवलं, चहा दिला. काही उपयोग झाला नाही. भासरा बाहेर बाकावर बसून सांगत होता, "बुडवली तिले, साहेब. दागिन्यांसाठी बुडवली." दागिने कोणते, ते त्याला सांगता येत नव्हतं.

साहेबांनी ठरवलं की बुधवारी सकाळी नदीच्या डोहात पाणबुडे उतरवायचे आणि नावाड्याला अटक करून कोर्टात हजर करायचं.

त्याच संध्याकाळी एका भाजीवालीचं बयान होतं. ती सकाळी त्याच नावेत होती आणि नावाड्याला ठाण्यात आणायच्या आधीच्या शेवटच्या खेपेत पल्याडहून परतली होती. मी तिच्याजवळ बसले.

"बाई नावेत होती का?" मुंशीजींनी विचारलं.

"हौ, होती. माह्या बाजूलेच बसली होती."

"मग कुठं गेली?"

"मले काय मालूम? मी माह्या टोपलीकडे पाहू का लोकायच्या सुनेकडे?"

मुंशीजी लिहीत होते. माझं लक्ष तिच्या लुगड्याकडे गेलं. गुडघ्यापर्यंत अजून ओलसर होतं आणि पायांना कोरडी रेती चिकटली होती. नाव काठाला लागते तर गुडघ्यापर्यंत पाणी कशाला?

आणि मला लहानपणीची मावशीकडची वाट आठवली. पावसाळ्याचं पाणी उतरलं की नदीच्या मधोमध रेतीचं बेट वर येतं. उन्हाळ्यात पलीकडची धार उथळ झाली की नाव पल्याड जातच नाही. ती बेटाला लागते. लोक रेतीवरून चालत जातात आणि पलीकडची बारीक धार पायांनी ओलांडतात. बेटावर टरबूज-काकडीच्या वाड्या असतात, वाडीवाल्यांच्या झोपड्या असतात. रेतीवर सगळे पांगतात. एखादी बाई मागे राहिली तर पुरुषांनी वळून पाहायचं नसतं, अशी आमच्याकडची रीत आहे.

त्या वर्षी ती धार आठच दिवसांपूर्वी उथळ झाली होती, आणि ठाण्यातलं कोणी त्यानंतर नदी ओलांडून गेलं नव्हतं. साहेबांनी कागदावर या काठापासून त्या काठापर्यंत सरळ रेघ ओढली होती. चहावाल्याला कोणी बेटाबद्दल विचारलं नाही, म्हणून त्यानं सांगितलं नाही. ठाण्यात विचारलं तेवढंच सांगायचं, हे लोक लवकर शिकतात.

मी गप्प बसले. नावाडी का गप्प आहे हे मला आता कळलं होतं. ती बाई लपली होती. मी बोलले तर ती सापडेल, आणि बाहेर भासरा बसलेला. नाही बोलले तर सकाळी म्हाताऱ्याच्या हातात बेड्या. दोन्हीकडे माझं मन जाईना.

शेवटी मुंशीजी एकटे असताना हळूच सांगितलं.

ते पेन खाली ठेवून म्हणाले, "अवं बाई, तू बोलतं बी? पाच वर्षांत पहिल्यांदा आवाज ऐकला."

मुंशीजींनी साहेबांना बेटाचं सांगितलं, आणि बुधवारी सकाळी पाणबुड्यांऐवजी आम्हीच घाटावर गेलो. नाव चालवायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून ज्याला अटक करायची त्यालाच वल्हं दिलं. साहेब दोन्ही हातांनी नावेची कड धरून बसले होते. नावाडी माझ्याकडे पाहून म्हणाला, "अल्याडच्याच गावची ना तू?"

मी मान हलवली.

"वाटलंच मले," एवढंच तो म्हणाला. बेटाचं कोणी सांगितलं, ते त्यानं ओळखलं होतं.

बाई बेटावर टरबुजाच्या वेलांना मडक्यानं पाणी घालत होती. पोलीस पाहून तिनं मडकं खाली ठेवलं. पळाली नाही. मी तिला बाजूला घेतलं. मनगटावर बांगड्यांच्या काचांच्या जखमा होत्या. भासऱ्यानं हात पिरगाळला तेव्हा बांगड्या फुटल्या आणि पदरात अडकलेले तुकडे नावेत पडले होते. मारहाण कधीपासूनची, ते तिनं सांगितलं. तिचा भाऊ गुरुवारी पल्याडच्या बाजाराला येणार होता. तोपर्यंत तिथंच राहायचं तिनं ठरवलं होतं.

"एकच दिवस पायजे होता मले," ती म्हणाली.

परत येताना ती नावेत माझ्यासमोर बसली होती. काठावर भासरा आणि त्याची माणसं उभी दिसली. तिनं नावाड्याकडे पाहिलं.

"मामा, तुमी सांगतलं ना? वचन देल्लं होतं तुमी."

साहेबांना ती भाषा नीट कळत नव्हती. मुंशीजी दुसरीकडे पाहत होते. नावाड्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मीही त्याच्या नावेत बसले होते. त्यानं माझी गोष्ट सांगितली नाही. वल्हं मारत राहिला.

मी बोलायला हवं होतं. जीभ उचलली नाही. घाट आला.

पुढचं कागदावर सोपं होतं. ती सज्ञान होती, स्वतःच्या मर्जीनं निघाली होती. साहेबांनी भासऱ्याला तिच्याजवळ फिरकू दिलं नाही, त्याच्याविरुद्ध तिची तक्रार लिहून घेतली. भावाला निरोप गेला. तो गुरुवारी आला, ती त्याच्यासोबत गेली. जाताना मला हात जोडले. नावाड्याला सोडलं होतं, तो ठाण्याच्या फाटकाशीच बसला होता, त्याच्याकडे तिनं पाहिलं नाही.

साहेबांनी मला शाबासकी दिली. ती कुठं ठेवावी ते मला कळलं नाही.

दोन वर्षांनी पूल सुरू झाला. आता बस पाच मिनिटांत पल्याड जाते. एकदा सुटीच्या दिवशी मी मुद्दाम घाटावर उतरले. नाव काठावर पालथी पडली होती आणि म्हातारा तिच्या सावलीत बसला होता.

मी म्हटलं, "मामा, त्या दिवशी मी बोलायले पायजे होतं."

"कोणत्या दिवशी?"

"तुमाले माहीत आहे."

तो पुलाकडे पाहत म्हणाला, "मले काहून सांगून राह्यली? तिले सांग."

तिचा पत्ता माझ्याकडे नव्हता. ठाण्यातली जुनी फाईल मागायची हिंमत झाली नाही. पुढे मी निवृत्त झाले. नावाडीही आता नाही.

या नोकरीत मी शेकडो बयानांजवळ बसले. एवढं कळलं की सगळे खरं बोलत असतील तरी गोष्ट चुकीची लिहिली जाते, कारण मधली जागा कोणी विचारत नाही. त्या दिवशी मी बोलले हे बरोबर होतं की चूक, ते आजही ठरत नाही. भाऊ गुरुवारी आलाच होता. पण त्याआधी म्हाताऱ्याच्या हातात बेड्या पडल्या असत्या. दोन्ही खरं आहे. मात्र नावेत गप्प बसले ते चुकलं, त्यात मला काही गोंधळ नाही.

माझं बयान कोणी घेतलं नाही, म्हणून मीच लिहून ठेवते. बेटाची गोष्ट ठाण्यात मी सांगितली. नावाड्यानं सांगितली नाही.