खर्रा खाऊन आरोग्य शिकवणारे मास्तर

नंदनवनच्या आमच्या शाळेत आरोग्याचे मास्तर गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा दाबूनच तंबाखूचे दुष्परिणाम सांगत. दर दोन वाक्यांनी ते खिडकीतून झोकात पिचकारी मारत.

एकदा मी विचारलंच, "सर, मंग तुमी काहून खाता जी?"

मास्तर सगळं थुंकून आले आणि त्यांनी तोंड उघडलं. त्यात दोन बोटंही जाईनात.

"खर्र्यानं आता एवढंच उघडते, पोट्टेहो. गुपचुप चुरून खा लागते मले."

पाणी टपकणारा अख्खा गुपचुप, म्हणजे पाणीपुरी, तोंडात कोंबणं हेच आमचं जीवन! वर्ग हादरला.

महिन्याभरात पानठेलेवाला भडकला, "काय शिकवून राहिले जी मास्तर? एक पोट्टं येऊन नाही राहिलं ठेल्यावर!"

"मी आहो ना गा," मास्तर म्हणाले, "घोट एक खर्रा."