जोतिरामचा पित्ताचा डबा

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात जोतिराम चार माग सांभाळतो. वय चौतीस, गडी मोहोळकडच्या शेतकरी घरातला, ज्वारीचं पोतं एकट्यानं पाठीवर घेईल असा. अशा माणसाला दुखणं ते काय असणार? काहीच नव्हतं. जे लावलं ते त्याच्या फोननं लावलं.

उन्हाळ्यात एके दिवशी चहाच्या सुट्टीत त्यानं एक व्हिडिओ पाहिला. दंडाच्या बेडक्या फुगवलेला एक जण ठासून सांगत होता, की गरम शेडमध्ये राबणाऱ्या पुरुषाची ताकद हळूहळू आटत जाते आणि त्याला पत्ताही लागत नाही. झालं, जोतिरामच्या डोक्यात किडा शिरला. फोनला तेवढंच पाहिजे असतं. तो तसलेच व्हिडिओ ओतत राहिला आणि हा शहाणा एकेक करत राहिला. चहा सोडला. झोपताना तळपायांना लसूण चोळला. एकानं उन्हातून पुरुषाला जोर मिळतो म्हटलं, तर भर मे महिन्यात, सोलापुरात, दुपारी बाराला नुसत्या टॉवेलवर गच्चीत बसला आणि पाठीची सालटं काढून घेतली. बायको वैजयंती पाठीला दही लावत विचारायची, हे काय खूळ काढलंय? हाडं मजबूत होतात, असं तो सांगायचा. खरं कारण सांगायला त्याची जीभ रेटत नव्हती.

मग कुरियरनं चूर्ण आलं. पाकिटावर 'शंभर टक्के जडीबुटी' असं ठळक छापलेलं, बनवणाऱ्याचा पत्ता मात्र कुठंच नाही. घरी ठेवलं तर वैजयंती विचारणार, म्हणून त्यानं ते स्टीलच्या छोट्या डब्यात भरून कारखान्यात नेलं. कुणी विचारलंच तर पित्ताचं औषध म्हणायचं, असं ठरवून टाकलं.

आता त्या कारखान्याची रीत अशी, की जेवणाच्या सुट्टीत डाग पडलेला एखादा टॉवेल मधोमध अंथरायचा, सगळ्यांचे डबे त्यावर उघडायचे आणि कुणीही कुणाच्याही डब्यात हात घालायचा. विचारून घेणं म्हणजे परकेपणा. कडक भाकरी आणि शेंगाचटणीबरोबर जोतिरामचा पित्ताचा डबाही शेडमध्ये सगळ्यांच्या ओळखीचा झाला.

महिपतीमामा तिथले सगळ्यांत जुने जॉबर, बिघडलेले माग दुरुस्त करणारे. वैजयंतीचे सख्खे मामा. जोतिरामचं लग्न त्यांनीच जमवलं, कामालाही त्यांनीच लावलं. साठीच्या पुढे गेलेले, दोन वर्षांपूर्वी हृदयाचा झटका येऊन गेलेला. तेव्हापासून जिभेखाली ठेवायची गोळी कायम खिशात असते.

त्या मंगळवारी जेवणं आटोपली आणि माग सुरू झाले. माग सुरू झाले की शेडमध्ये शेजारच्याचंही ऐकू येत नाही, सगळा कारभार खुणांवर चालतो. मामांनी पलीकडून छाती चोळून दाखवली, जळजळतंय म्हणून. मग कोनाड्यातल्या डब्याकडे बोट केलं.

जोतिरामचा हात मागावरच थांबला. नाही म्हणावं तर कारण सांगायला हवं, आणि शेडमध्ये कारण सांगायचं म्हणजे कानाशी जाऊन ओरडायला हवं. असली गोष्ट, ती मामेसासऱ्यांच्या कानात ओरडायची? एका चमच्यानं काय होतंय, असं त्यानं मनाला समजावलं आणि मान हलवली. घ्या.

तासाभरानं मामांच्या छातीत खरोखर दुखायला लागलं. त्यांनी खिशातली गोळी जिभेखाली ठेवली आणि पाच-दहा मिनिटांत ते मागाच्या कडेला कोसळले. अंग घामानं थबथबलेलं, डोळे पांढरे. जोतिराम रिक्षा आणायला धावला.

रिक्षात घालून दवाखान्यात नेईपर्यंत सोजरमामी आणि वैजयंतीही धावत आल्या. रक्तदाब बघून डॉक्टरबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. एका गोळीनं दाब इतका उतरत नाही, म्हणाल्या. यांनी ताकदीचं औषध, चूर्ण, असलं काही घेतलंय का? छातीत परत दुखलं तर हीच गोळी द्यायची वेळ येईल, पण तसलं काही पोटात असेल तर ती जीव घेईल.

मामींना तो अपमान वाटला. नवऱ्याचं वय तरी बघा, म्हणाल्या.

जोतिराम भिंतीला टेकून उभा होता. बायको समोर, मामी समोर, दारात कारखान्यातले चौघे. धरणीनं पोटात घ्यावं असं त्याला वाटलं. पण खाटेवर मामा होते.

"घेतलंय," तो म्हणाला. "माझ्या डब्यातलं. पित्ताचं न्हाय ते. ताकदीचं हाय. मी मागवलंय, माझ्यासाठी."

डॉक्टरबाईंनी त्या गोळीला हात लावायचा नाही असं नर्सला बजावलं, मामांचे पाय उशांवर चढवले, सलाईन लावलं. संध्याकाळी मामांनी डोळे उघडून पाणी मागितलं, तेव्हा कुठं जोतिराम खाटेजवळून हलला.

बाईंनी त्याला बाजूला घेऊन समजावलं. असल्या जडीबुटीत बऱ्याचदा ताकदीची इंग्रजी गोळीच कुटून घातलेली असते आणि हृदयाच्या रोग्याला ती विष होते. या वर्षातले मामा असे तिसरे रोगी. पहिल्या दोघांच्या वेळी घरचं कुणी तोंड उघडलं नव्हतं, एवढंच त्या बोलल्या. त्या दोघांचं पुढं काय झालं, हे विचारायची जोतिरामला हिंमत झाली नाही.

रात्री दोघं घरी परतली. दाराचं कुलूप काढताना वैजयंती थांबली.

"तुमच्यात काय कमी हाय, ते मला इचारायचं होतं की," ती म्हणाली. "त्या फोनला कशाला इचारलंत? मला काय ठावं नव्हतं व्हय?"

सवयीनं जोतिराम मान हलवायला गेला आणि मधेच थबकला. दुपारी अशीच मान हलवली होती.

"चुकलं माझं," तो तोंडानं म्हणाला. "न्हाय इचारलं तुला."