धाकट्याची जोडी

माझा पुतण्या पुण्याकडे मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर आहे. यंदा हिवाळ्यात आमच्या गावी, रिठदला आला आणि अंगणात बाजेवर बसून मोबाइलवर एक लाल, बुटकी स्पोर्ट्स कार दाखवायला लागला. शेजारी खुर्चीवर त्याचा बाप, म्हणजे माझा मोठा भाऊ, दादा.

मी विचारलं, "एवढी देखणी गाडी, तं इंजिनाची ताकद अजून काहून नाही वाढवत तुमी?"

"वाढवता येते काका. पण मंग ब्रेक, टायर, गिअर सारं त्या तोलाचं लागते, किंमत वाढते. अन् खरी गोष्ट अलगच आहे. कंपनीची मोठी, महागाची गाडी असते ना? ही लहानी तिच्या पुढं पळाली तं मोठीले पुसन कोण? म्हणून हिले जरा दाबूनच ठेवतेत."

दाबून ठेवतेत! माझं डोकंच फिरलं. अरे, हेच तर आमच्या बापानं माझ्या बैलांचं केलं होतं. पण दादासमोर ते बोलायची सोय नव्हती.

आम्ही तरुण होतो तेव्हा आमच्याकडे शंकरपट भरायचा. एकेक बैलजोडी हलक्या छकड्याला जुंपून सोडायची आणि घड्याळावर वेळ मोजायची. काय दिवस होते ते! नाकातोंडात धूळ, भज्यांचा वास, आणि गावात म्हातारंसुद्धा घरी थांबायचं नाही. दादाची पांढरी जोडी नावाजलेली. माझी तांबडी नवी होती, वासरापासून मीच वाढवलेली. स्वतः कोरडी भाकर खाल्ली, पण त्यांना सरकी आणि उडीद कधी कमी पडू दिला नाही. ती जोडी पळायला लागली की माझ्याच अंगावर काटा यायचा.

पटाच्या आदल्या दिवशी बापानं मला गोठ्यामागं नेलं.

"उद्या तुह्या दादाले पाहाले पाव्हणे येऊन राह्यले. लगनाचा पोरगा लहान्या भावाच्या मागं राहिला तं हासं होईन. तुही जोडी आवरजो. अन् त्याले खबर लागू देजो नको."

वर्षभर ज्या दिवसासाठी जीव काढला, तो बापानं एका वाक्यात काढून घेतला. मी तडफडलो, पण बापापुढे बोलायची छाती कोणाची?

पटात दादा आधी सुटला. बघतो तर काय, त्याची जोडी वरातीत निघाल्यासारखी डुलत आलेली. अरे देवा! आता याच्याही मागं राहायचं म्हणजे मला बैल चालवतच न्यावे लागणार. मी कासरा असा ओढला की तळहात सोलून निघाले. बैल बिचारे कावरेबावरे झाले. लोक ओरडत होते, "पोचतं का मुक्काम करतं बे?" पहिला नंबर केनवडची एक जोडी घेऊन गेली.

दादाची सोयरीक तरी जुळलीच. पुढच्या हंगामात भांडणं झाली आणि आमच्याकडचे पट बंद पडले. परत सुरू झाले तोवर माझे बैल गेले होते आणि माझे गुडघेही. बाप गेला, राग मात्र राहिला, आणि तो सगळा दादावर उतरला. एका घरात राहून मी त्याच्याशी कामापुरतं बोलायचो. याच्यात दम नव्हता आणि याच्यापायी माझी जोडी बदनाम झाली, हेच मनात.

पोराचं बोलणं ऐकून दादा हसत होता. म्हणाला, "म्या तं उलटं केलतं. मले पाहाले पाव्हणे आलते, त्या पटात म्या माहीच जोडी आवरली. म्हटलं, लहान्यानं वर्षभर जीव टाकला बैलाईवर, जाऊ दे त्याले पुढं. लगन काय, आज ना उद्या होईनच."

ज्याचा इतकी वर्षं राग राग केला, तो माझ्यासाठी हरला होता. पाव्हण्यांसमोर!

"पण लेका," दादानं विचारलं, "तुहे बैल काहून तसे आले? म्या तं तुले रान मोकळं केलतं. मले आजवर समजलं नाही."

दादासाठी बाप म्हणजे देव. त्या देवाला आपल्यावर भरोसा नव्हता, हे या वयात त्याला कशाला कळायला हवं!

"दमले होते," मी म्हटलं. "आदल्या दिवशी म्याच लय पळवले."

"तरीच!" दादा पोराकडे वळून म्हणाला. "पाह्य, तुह्या काकाले तवाही अक्कल नव्हती."