दोन दवाखाने आणि आईचा हात

सरकारी दवाखान्याचं नाव काढलं की आजही नाकात तो वास शिरतो. फिनाईल, पू आणि व्हरांड्यात कुणीतरी सांडलेली आंबलेली डाळ. शी! खाटेखाली कुत्रं झोपलेलं असायचं आणि नर्सबाई कुत्र्यावर नाही, आमच्यावर खेकसायच्या.

आई तिथं पडली होती ती हातामुळे. निंबोल्याला मामाच्या बागेत केळीची पानं कापताना विळा तिच्या उजव्या हातात घुसला. घरी हळद-चुना भरला, आणि आठवड्यात हात टम्म सुजला. डॉक्टर म्हणाला, "चीरा लगेगा. रोज खोलके धोना पडेगा." त्यानं चिरा दिला. रोज जखम उघडून धुवायचा, आई गुरासारखी ओरडायची, तर म्हणायचा, "चिल्लाओ, और चिल्लाओ." कसाई मेला! पण सूज उतरत होती, हे मी डोळ्यांनी बघत होते.

माझे वडील, आप्पा, शाळेत मास्तर. त्यांना सूज दिसत नव्हती, बघायला येणारे लोक दिसत होते. आमच्यात कुणी आजारी पडलं की सगळा गोतावळा लोटतो, आणि मास्तरांची बायको अशा उकिरड्यात बघून बायका नाकाला पदर लावायच्या. त्यात प्रांत नवा झालेला. राजधानी नागपूरहून भोपाळला गेली होती, आणि हिंदी बोलणारा प्रत्येक साहेब आप्पांना आपल्या उरावर बसवलेला वाटायचा. "ज्याला आपली भाषा कळत नाही त्याला आपलं दुखणं काय कळणार?" म्हणाले, आणि आईला उचलून खासगी दवाखान्यात नेलं. तिथला डॉक्टर मराठी होता.

अहाहा, काय ते मराठी! "वहिनी, कसं वाटतंय? वहिनी, मोसंबीचा रस घेतला ना?" पांढरीशुभ्र चादर, खिडकीला पडदा. वहिनींना त्रास नको म्हणून जखम उघडायचीच नाही. रोज एक सुई, आणि जुन्या पट्टीवर नवी पट्टी. गोतावळा खूश. "मास्तर, याला म्हणतात दवाखाना!" आप्पांची छाती फुगायची. आई सांगायची, "अहो, आत ठणकतंय." पण तिचं ऐकतो कोण?

मग पट्टीला वास यायला लागला. डॉक्टरनं काय करावं? उदबत्ती लावली! खोटं नाही सांगत. ताप डोक्यात चढला तेव्हा तसाच गोड आवाज काढून म्हणाला, "मास्तर, आता सरकारीत न्या. आमच्याकडे सोय नाही." टांग्यापर्यंतसुद्धा आला नाही.

हिंदीवाल्या डॉक्टरनं पट्टी सोडली. आत तीन बोटं काळी पडून सडली होती. त्यानं सगळ्या वॉर्डासमोर आप्पांना शिवी हासडली, आणि आईची तीन बोटं कापली. जीव वाचला. त्याच घाणीत वाचला, त्याच कुत्र्याच्या शेजारी.

आई घरी आल्यावर पुन्हा सगळे बघायला आले. ओसरीवर बसून आप्पा त्यांना सांगत होते, "काय करणार? सरकारी दवाखान्यात नेलं आणि बोटं घालवून बसलो." सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या क्षणी मला आप्पांची जी किळस आली, ती त्या वॉर्डाचीही कधी आली नव्हती.

आई आतून बाहेर आली. चारचौघांत आप्पांपुढे कधी तोंड न उघडणारी बाई. दोन बोटं उरलेला हात तिनं त्यांच्या तोंडासमोर धरला.

"कापली कुणी ते सांगितलंत. आता सडवली कुणी, तेही सांगा की."