व्हटातली शिट्टी

अकराच निघाल्या. मी परत मोजल्या, चिमट्यानं एकेक बाजूला सारून, तरी अकराच. ताटलीत बारा शिट्ट्या व्हत्या आन् मांडीवरची बाळी खोकायली. एकदाच खोकली, डोळे मोठ्ठे केले, लाळेची तार गळली, आन् गप झाली. मी बोट घातलं तिच्या तोंडात, जिबेखाली, गालात, पार घशापतूर. वकारी आली तिला, पन निघालं काहीच न्हाई. पालथी घातली, पाठीत थापट्या मारल्या. तवा तिनं भोकाड पसरलं, आन् मला तेवढंच बरं वाटलं, रडायली म्हंजी दम चाललाय.

आत्या, म्हंजी माजी सासू, मागल्या दारी तूर पाखडायल्त्या. हातातलं सूप तसंच घिऊन पळत आल्या.

"कामून रडायलंय गं लेकरू?"

"काय तरी गिळलं तिनं."

"काय गिळलं?"

मी काय सांगटलं ते म्होरं सांगते. आदी ती शिट्टी म्हंजी काय ते सांगाय पायजे, न्हाई तर तुमाला माजं भ्याव कळायचं न्हाई.

गुलबर्ग्याला एक अण्णा हायत, त्यांचा छोटा कारखाना हाय. पूर्वी कोळशावर, वाफंवर चालायची ती रेल्वेची इंजिनं असत्यात न्हवं, त्यांची हातभर लांबीची हुबेहूब इंजिनं परदेशात म्हातारी मानसं आपल्या बागंत चालवत्यात. बारके रूळ टाकत्यात, खरा कोळसा घालत्यात, खरी वाफ निघती. मला आदी खोटंच वाटलं, मंग अण्णानं फोनवर दावलं. त्या इंजिनाचं बारीकसारीक सामान अण्णा करून पाठवत्यात. दिवे, शिट्ट्या, वाफ मोजायचा काटा, धरायच्या दांड्या. कारखान्यातून पितळंचं ओतीव येतंय, ते बगायला झाडच दिसतंय, मधी खोड आन् फांदी फांदीला एक एक शिट्टी. मी बारक्या आरीनं ती कापते, कानशीनं घासते, केसावानी सुईनं भोक मोकळं करते, आन् वर तारंची दांडी बसवून शिशाचा डाग देते. ती दांडी वडली की खऱ्या इंजिनाची शिट्टी वाजती. माजी वाजत न्हाई, पन दांडी तशीच दिसाय पायजे. शिट्टी माज्या करंगळीच्या नखायवढी, दांडी तिच्या भाईर निघाल्याली, टोकाला बाभळीच्या काट्यावानी. जरा कलली तरी अण्णा भिंग लावून बगत्यात आन् परत पाठवत्यात. "अक्का, दांडी वाकडी." माज्यापेक्षा दुपटीनं मोठे हायत, तरी मला अक्का म्हनत्यात.

मला हे काम जमलं ते माज्या अप्पामुळं. भालकीला अप्पा घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्याला भिंग, हातात चिमटा, आन् घड्याळाचे बारके इस्क्रू व्हटात धरल्याले. मी आटवीतून शाळा सोडली ती त्यांच्याजवळच बसायले. ते म्हनायचे, "बोटातून निसटतंय बाई, व्हटाला कळतंय." मी बी तसंच करते. दोन शिट्ट्या व्हटात धरायच्या, तिसरी हातात. लग्न झालं, बाळी झाली, तरी सवय गेली न्हाई. आन् बाळी मांडीवर बसून दिसभर काय बगायली असंल? आईचं तोंड. आईच्या व्हटात पिवळं काय तरी चमकतंय.

तिनं ताटलीतली एक उचलली आन् व्हटात धरली. हुबेहूब माज्यावानी, दोन व्हटाच्या मधी. मी बगितलं, आन् मला, खरं सांगते, हासू आलं. हात म्होरं करायच्या आत ती आत गेल्ती.

आत्यानं मला दोन डाव बजावलं व्हतं, लेकरू मांडीवर घिऊन ते खिळेमोळे करू नकू म्हून. आन् हे, बाळीचे बाप, आटो चालवत्यात हुलसूरला, ते तर म्हनले व्हते, "एकदा जरी तिच्या तोंडात काही गेलं, शिट्ट्यांचा डबा उचलून गुलबर्ग्याला दिऊन यीन. मंग रडत बसू नकू." दिसभराच्या राबनुकीत त्या डब्याम्होरं बसल्यावरच मला मी कुनी तरी हाव असं वाटायचं. दुसरं काय सांगू.

तर आत्या दारात, हातात सूप, इचारायल्या काय गिळलं. माजा हात कानावर गेला. पानी आनायच्या निमतानं मी पाठ फिरवली, कानातल्या फुलाची फिरकी काडली. एरवी तेल लावल्याबिगर हलत न्हाई, त्या दिशी दोन येढ्यात निघाली. डागाच्या पेस्टच्या डबीत टाकली, टोपन लावलं.

"फिरकी, आत्या. माज्या कानातली फिरकी."

"सोन्याची? अगं माय माय!" मंग लगीच त्यांचा आवाज उतरला. "हात्तीच्या, येवढंच व्हय? माज्या नंदंच्या पोरानं आठ आने गिळल्ते. तिसऱ्या दिशी भाईर. केळं चार तिला."

ह्यांना फोन केला. आटोतून हुलसूरच्या डाक्टरकडं गेलो. डाक्टरनं पोट दाबून बगितलं, कान लावून आयकलं, आन् मला इचारलं, "वस्तू गोल हाय का टोकदार?"

हे माज्या बगलंला हुबे व्हते.

"गोल," मी म्हनले.

"मंग भिऊ नका. दोन-तीन दिसात पडंल. शी बगत ऱ्हावा. वकारी, ताप, रगत, काही दिसलं तर गुलबर्ग्याला न्या, हितं फोटोची मशीन न्हाई."

घरी आल्यावर एक इपरीतच झालं. सोनं हाय म्हून आत्यानं शी बगायचं काम सोता घेतलं. मागल्या दारी एक काडी, एक तांब्या पानी, आन् त्या उकिडव्या बसून चिवडायल्या.

"मी बगते आत्या, तुमी कामून करायलाव?"

"तू बस. तुजं ध्यान असतं तर मला ह्यो धंदा करावा लागला असता व्हय? माहेरचं सोनं हाय म्हून तुला काय."

मी चुलीपाशी बसून त्यांच्या पायाचा आवाज आयकायची. आता येतील आन् हात म्होरं करतील, ही कसली फिरकी गं, शेपटीची? आल्या, हात धुतला, म्हनल्या, "न्हाई गं पडली." आन् मला बरं वाटलं. लेकराच्या पोटातून ती निघाली न्हाई, आन् आईला बरं वाटलं. हे मी कुनाला सांगटलं न्हाई आजपतूर.

कानाचं भोक बुजू ने म्हून मी कडूलिंबाची काडी घातली. आत्यानं ती काडी बगितली की त्यांना सोनं आटवायचं.

दुसऱ्या दिशी बाळी अंगावर पेईना. तोंड लावायची आन् सोडायची. दुपारी वकली. पोटाला हात लावला की पाय जवळ घ्यायची. आत्या लई येळ तिच्याकडं बगत बसल्या, मंग माज्याकडं.

"फिरकीच हाय न्हवं गं?"

"व्हय आत्या."

"न्हाई, दुसरं काय असंल तर आताच सांग बाई. मी माज्या लेकाला समजावते."

"फिरकीच हाय."

पयलं खोटं माज्या तोंडातून निसटलं व्हतं, शिट्टी तिच्या व्हटातून निसटली तसं. हे दुसरं मी बोलले. दार उघडून दिल्तं त्यांनी, आन् मी आतून कडी लावली. कामून, ते मला अजून नीट कळत न्हाई. मला वाटलं, आता सांगटलं तर कालचं बी उघडं पडतंय, डाक्टरम्होरचं बी. एका दिसाचं खोटं मला लेकरापेक्षा जड झालं.

आत्या गेल्यावर मी डबा उघडला. एक शिट्टी घिऊन तिच्या दांडीचं टोक माज्या तळहातावर दाबलं. लई न्हाई, बाळी माजं बोट धरती तेवढंच. रगताचा थेंब आला, मोहरीयवढा. तरी मी उठून सांगटलं न्हाई. हात पदराला पुसला.

तिसऱ्या दिशी सकाळी वकारीत रगताचा दोरा आला.

ह्यांनी आटो आमच्या हिकडच्या कल्याणपतूर हानला, तितून गुलबर्ग्याची बस. निघताना मी एक शिट्टी पदराच्या टोकाला गाठीत बांधली. डाक्टरला दावायची म्हून बांधली, का भ्यावानं बांधली, सांगता येत न्हाई. बसमधी माजा हात त्या गाठीवरच. शेजारच्या बाईनं इचारलं काय झालं लेकराला, आत्यानं सांगटलं फिरकी गिळली.

"सोनं गिळलं? मंग नशिबाची हाय की वो पोर!" बाई हासली. "आमची तर खडूच खायली."

हे म्होरच्या दांडीला धरून हुबे व्हते. मागं वळून बगितलं न्हाई त्यांनी.

दवाखान्यात फोटो काडला. डाक्टरीन बाईनं तो उजेडाच्या पाटीवर लावला आन् आमा तिघाला आत बलिवलं. काळ्यात पांढरी शिट्टी. खालची चकती, वरचं टोपडं, मधली खाच, सगळं दिसायलं, मी दोन दिस घासल्यालं. पोटातून आतड्यात जायच्या वाटंवर आडवी. आन् मला पयलं काय दिसलं ठावं हाय का? दांडी सरळ बसलीय. लेकराच्या पोटातली दांडी बगून माज्या मनात आलं, ही अण्णानं परत पाठवली नसती.

"इदु फिरकी अल्ला, अम्मा," डाक्टरीन बाई म्हनल्या. ही फिरकी न्हाई. आमा तिघालाबी कानडी येतंय, आडोसाच उरला न्हाई. "एन इदु? काय हे?"

मी गाठ सोडायली. दातानं सोडावी लागली, येवढी आवळली व्हती. शिट्टी त्यांच्या हातावर ठिवली.

"ही. अशीच हाय. पितळंची. दांडीला टोक हाय. आन् डाग शिशाचा हाय."

"शिसं?" त्या हुब्या ऱ्हायल्या. "तीन दिस? आदी कामून न्हाई सांगटलं?"

नर्सला हाक मारली, बाळीला माज्या हातातून घेतली. घशातून दुर्बिनीची नळी घालून काडायची म्हनल्या. टोक लागलं तर आतडं फाटंल, मंग पोट उघडाय लागंल. ह्यांनी कागदावर सही केली. मला कुनी सही मागितली न्हाई.

भाईर बाकड्यावर आमी तिघं. आत्या म्हनल्या, "मंग दोन दिस मी त्या घानीत हात घालायले ते कशापायी गं?"

मी पदराची सुटल्याली गाठ परत बांधायली.

"फिरकी कुठं हाय?"

"पेस्टच्या डबीत."

"डबीत," त्या म्हनल्या. "मी इचारलं तुला. मी तुला इचारलं की गं." आन् पदर तोंडाला लावला.

हे येवढंच म्हनले, "डाक्टरनं गोल का टोकदार इचारलं, तवा मी हितं व्हतो. तुज्या बगलंला." त्यांनी हात करून दावलं बी, किती जवळ ते.

नळीनं निघाली. इस्टीलच्या वाटीत आनून दावली, काळी पडल्याली. पोट उघडावं लागलं न्हाई. बाळी झोपंतून उठली आन् पयलं माजं तोंड चाचपडायली. तवा डाक्टरीन बाईनं इचारलं, "शिशाचं काम कसं करतीस?" मी सांगटलं, दोन व्हटात, एक हातात. त्यांनी नर्सला सुई आनाय सांगटली. "आन् अंगावर पाजवतीस?"

दोघींचं रगत घेतलं. माज्यात शिसं निघालं. तिच्यात बी हाय, थोडं. गिळल्याल्या शिट्टीचं का माज्या दुधाचं, ते कळायला मार्ग न्हाई म्हनल्या. अंगावरचं बंद केलंय, परत तपासाय बलिवलंय. ती तारीक भिंतीवर खडूनं लिवलीय आन् मी रोज सकाळी बगते.

डबा ह्यांनी दिऊन टाकला, म्हनले तसा. अण्णाचा फोन आल्ता. "अक्का, तुज्यावानी दांडी कुनी बसविना. डाग द्यायला बिनशिशाची तार देतो, व्हटात धरू नको म्हंजी झालं." मी व्हय म्हनले न्हाई, न्हाई बी म्हनले न्हाई. फिरकी कानात हाय परत. आत्या येता जाता माजा कान धरून ती आवळत्यात.

काल बाळीनं सुपातला तुरीचा एक दाना उचलला आन् व्हटात धरला, दोन व्हटाच्या मधी. मी बोट घालून काडला.

पयल्या दिशीचं सोडा, दारात सासू हुबी असल्यावर काय बी निसटतंय तोंडातून. पन दुसऱ्या दिशी, सांजच्या आत, त्यांनी सोता इचारलं, मी समजावते म्हनल्या. लेकरू तितंच, पाय पोटाशी घिऊन पडल्यालं, डबा कोपऱ्यात, कानात लिंबाची काडी. तुमी असता त्या जागी, तर काय म्हनला असता?