मेव्हण्याची चार चाकं आणि माझं चौथं शील

चाक गोल असतं आणि फूटपाथचा दगड चौकोनी असतो, एवढं शास्त्र मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी समजलं. समजलं तेव्हा मी मेव्हण्याच्या गाडीत बसलो होतो. (गाडीत बसायची मला परवानगी होती. चालवायची नव्हती.)

मेव्हणा म्हणजे मिलिंद, आमच्या सुनंदाचा मोठा भाऊ. अख्ख्या खानदानात पहिली गाडी त्याने घेतली. जुनीच होती, पण तिला त्याने कुठून कुठून खटपट करून चार मॅगव्हील बसवून घेतली होती. ॲल्युमिनियमची, पाच पाकळ्यांची! त्या काळात बदलापुरात असली चाकं कोणी पाहिली नव्हती. मिलिंद ती स्वतःच्या रुमालाने पुसायचा आणि मग त्याच रुमालाने कपाळ पुसायचा. वहिनी म्हणायची, "माझ्याकडे कधी एवढं निरखून बघितलं नाही यांनी."

तर हा मिलिंद ऑफिसच्या ट्रेनिंगला पंधरा दिवस नाशिकला निघाला. आल्या आल्या रविवारी त्याच्या मुलीचा, प्रज्ञाचा, साखरपुडा. तो आमच्या बेलवलीच्या सोसायटीच्या अंगणात करायचा ठरला होता आणि नवऱ्या मुलाला स्टेशनवरून याच गाडीतून आणायचं होतं. म्हणून गाडी आमच्याकडेच लावून तो गेला.

"दाजी, रोज पाच मिनिटं स्टार्ट करा. बॅटरी उतरते."

"करतो की."

"चालवू नका."

"छे छे!"

"नाही, म्हणजे खरंच चालवू नका."

मागे सासरे उभे होते. आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणायचो. अंबरनाथच्या एका कारखान्यात त्यांची हयात मशीन शॉपमध्ये गेलेली. मी पडलो कारकून. पंधरा वर्षांत त्यांनी माझ्या हातात साधा पाना दिला नव्हता. ते एवढंच म्हणाले, "मिलिंद, किल्ली सुनंदाकडे दे." पण सुनंदाने ती फ्रिजवर ठेवली आणि आमचा फ्रिज माझ्या उंचीचाच होता.

पहिला आठवडा मी इमानदारीत पाच मिनिटं स्टार्ट करून बंद केली. दुसऱ्या सोमवारी रजा होती. सुनंदा शाळेत शिकवायला गेलेली. आणि ऑफिसातल्या जोशींनी अंबरनाथला शिवमंदिराजवळ नवा फ्लॅट घेतला होता. मी आपला सहज फोन केला, "येऊन जातो. गाडी आहे." (काय ऐट ती!)

जोशी बाल्कनीत उभे होते. त्यांनी हात हलवला. मीही हलवला. मग जोशीवहिनी बाहेर आल्या. त्यांच्यासाठी मी दुसराही हलवला.

खर्रर्रर्र!

डावीकडचं पुढचं चाक फूटपाथला घासत गेलं आणि मागचं त्याच्या पाठोपाठ. उतरून बघतो तर दोन्ही चाकांच्या कडा खरवडलेल्या, पाकळ्या ओरबाडलेल्या. जोशी वरून ओरडले, "चहा टाकलाय!" मी चाकापाशीच उकिडवा बसलो. मिलिंदने पहिल्यांदाच विश्वासाने माझ्याकडे काहीतरी दिलं होतं आणि मी ते दहा दिवसांत घासून ठेवलं होतं.

जोशींनीच पत्ता दिला. उल्हासनगर कॅम्प एकमध्ये जमनूशेठ नावाच्या एका सिंधी गृहस्थाचं बफिंगचं दुकान होतं. स्टीलच्या भांड्यांपासून दुकानांच्या पाट्यांपर्यंत सगळं तो घासून लखलखीत करायचा. दुसऱ्या दिवशी गाडी न्यायची हिंमत नव्हती, मी नुसताच गेलो.

"साईं, दो चक्के चमकाऊंगा तो बाकी दो भिकारी दिखेंगे," तो म्हणाला. "चारों लाओ. शनिवार को नया माल समझ के ले जाना."

मला पटलं. गुरुवारी अर्धी रजा टाकली. भर दुपारी, सोसायटी सामसूम असताना, जॅक लावून एकेक चाक काढलं, गाडी विटांवर टेकवली, वरून कव्हर ओढलं आणि चारही चाकं रिक्षात कोंबली. मला बसायला जागाच उरली नाही. एक चाक मांडीवर घेऊन उल्हासनगरपर्यंत गेलो.

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून येतो तर सोसायटीच्या फाटकात ही गर्दी! आप्पा मांडवाची मापं घ्यायला आले होते. जाता जाता लेकाची गाडी बघावी म्हणून त्यांनी कव्हर उचललं.

"प्रकाशराव!" आप्पा ओरडले. "चाकं गेली! चारही! चोरी झाली!"

इथे मला एक क्षण मिळाला होता. खरं बोलायला एक क्षण पुष्कळ असतो. मी तो घेतला, नीट विचार केला आणि म्हणालो, "काय सांगता!"

झालं! पुढचं सगळं त्या दोन शब्दांनी केलं.

"पोलिसात जाऊ," आप्पा म्हणाले.

"आधी मिलिंद येऊ दे. कागद त्याच्याकडे आहेत."

एवढ्यात पहिल्या मजल्यावरचे म्हात्रेकाका पुढे आले. इथलेच, मूळ गाववाले. "मी बगला ना चोराला! काल दुपारचा मी गच्चीवर वाल सुकवीत होतो. येक मानूस चाका रिक्षान भरीत होता. मना वाटला पंक्चरवाला हाय."

"कसा होता दिसायला?" आप्पांनी विचारलं.

"मागून बगला. टकला. पोट सुटलेला. दर चाकामागं कमरेवर हात ठेवून 'आई गं' करीत होता."

सुनंदाने सावकाश मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"काका," ती गोड आवाजात म्हणाली, "चष्मा होता का हो त्याला?"

"होता ना! मागं दोरीन बांधलेला."

मी चष्मा काढून पुसायला घेतला. दोरीसकट खिशात टाकला.

घरात आल्यावर तिने दार लावलं. "अहो, कुठे आहेत चाकं?"

मी सगळं सांगितलं. मला वाटलं, आता रडेल. ती हसायला लागली ती पलंगावर आडवीच झाली! मग डोळे पुसून म्हणाली, "आप्पांना सांगा जाऊन."

"उद्या चाकं आली की गुपचूप बसवतो. म्हणेन, चोराला पश्चात्ताप झाला."

"आणि चोराने पॉलिशही करून दिलं का? तुम्हीच सांगा हां. मी मधे पडणार नाही."

शनिवारी उल्हासनगरला गेलो तर जमनूशेठ दुकानाबाहेर वारा घेत बसलेला. "साईं, कल पूरा दिन लाइट नहीं थी. दो हुए, दो बाकी. कल सुबह टेम्पो से भेजता हूं."

"घर नहीं! नाके पे खडा रहूंगा. दस बजे!"

"फिकर नॉट," तो म्हणाला आणि पावतीवरचा माझा घरचा पत्ता नीट वाचून घेतला.

त्या संध्याकाळी मिलिंद आला. मी शिव्यांची तयारी ठेवली होती. त्याने विटांवरच्या गाडीभोवती एक फेरी मारली आणि मग माझ्याच खांद्यावर हात ठेवला. "दाजी, मनाला लावून घेऊ नका. यात तुमचा काय दोष?"

मला अक्षरशः रडू आलं. रात्री जेवण गेलं नाही. ते पाहून आप्पा सुनंदाला म्हणाले (मी स्वयंपाकघराच्या दाराशीच होतो), "पोरी, पंधरा वर्षांत मी या माणसाला ओळखलंच नाही. दुसऱ्याच्या वस्तूसाठी एवढा जीव तुटतोय त्याचा!" आयुष्यात सासऱ्यांनी केलेली माझी ही पहिली स्तुती! आणि ती मला गिळताही येईना, थुंकताही येईना.

रविवार उजाडला. दहाला नाक्यावर जायचं होतं, पण पावणेदहालाच नवऱ्याकडची मंडळी तीन रिक्षा करून आली. गाडी विटांवर असल्याचं ऐकून मुलाच्या वडिलांनी "अरेरे" केलं आणि मिलिंदची मान खाली गेली. आप्पांनी मला हाताला धरून पहिल्या रांगेत, स्वतःच्या शेजारी उभं केलं. तिथून निसटणं अशक्य होतं.

आमच्याकडे कुठलंही कार्य त्रिशरण-पंचशीलाने सुरू होतं. सगळे पांढऱ्या कपड्यांत, हात जोडून, डोळे मिटून. आप्पा म्हणत होते, मागोमाग सगळे. पहिलं शील, प्राणिहिंसा करणार नाही. मी मोठ्याने म्हटलं. दुसरं, न दिलेली वस्तू घेणार नाही. फ्रिजवरची किल्ली डोळ्यांपुढे आली, आवाज जरा बसला. तिसरं ठणठणीत गेलं. मग आलं चौथं, खोटं बोलणार नाही. माझं तोंड मिटलेलंच! आप्पांनी मिटल्या डोळ्यांनीच कोपराने ढोसलं. मी कसंबसं तोंड उघडलं, आणि...

"पों पों! ओ साब! आपके चारों चक्के रेडी! नाके पे कोई नहीं था तो घर आ गया!"

स्वतः जमनूशेठ! टेम्पोत उभा! हातात चाक आणि चाकात ऊन!

सगळ्यांचे डोळे उघडले. फक्त आप्पांचे नाही. त्यांनी शांतपणे पाचवं शील पूर्ण केलं, मगच डोळे उघडले.

तोवर म्हात्रेकाका टेम्पोवर चढले होते. "पकरा! चोराचा जोडीदार हाच!"

"चोर?" जमनूशेठचा चेहरा उतरला. "तीस साल से धंधा करता हूं, किसी ने चोर नहीं बोला. साब, आप बोलो ना!"

तो माझ्याकडे बघत होता. आता माझ्यापायी त्या भल्या माणसाची अब्रू जात होती. ते मात्र बघवेना.

"सोडा त्याला!" मी ओरडलो. "चोर मी आहे! गाडी मी चालवली, फूटपाथला मी घासली, चाकं मीच काढून नेली!"

म्हात्रेकाकांनी मला पाठमोरा फिरवून पाहिलं. "हाच तो!" ते आनंदाने म्हणाले.

मिलिंद टेम्पोजवळ गेला. एक चाक उतरवलं, फिरवलं, पाकळीत स्वतःचा चेहरा बघितला. मग खिशातून रुमाल काढला, आणि पुसायला काही शिल्लकच नाही म्हणून परत ठेवला. "दाजी," तो म्हणाला, "घेतली तेव्हासुद्धा ही एवढी चमकत नव्हती." नवऱ्या मुलाचे वडील तर जमनूशेठला त्यांच्या घरच्या समयांबद्दल विचारायला लागले.

उरले आप्पा. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"प्रकाशराव, जॅक लावून चारही चाकं एकट्याने काढलीत?"

"हो."

"नट नीट डबीत ठेवलेत?"

"हो."

"हं." मिलिंदने डिकीतून पाना काढला होता, तो आप्पांनी घेऊन माझ्या हातात दिला. "बसवा आता. पण आधी चौथं शील राहिलंय तुमचं. म्हणा. एकट्याने. मोठ्याने."

मी म्हटलं. दोन्ही घरच्या शंभर माणसांसमोर म्हटलं. म्हात्रेकाका म्हणाले, "मागं ऐकू नाय आला." म्हणून परत म्हटलं.

आता आप्पा नाहीत. गाडीही भंगारात गेली. पण घरच्या कुठल्याही कार्यात चौथं शील आलं की अख्खं खानदान हात जोडलेलेच ठेवून एक डोळा उघडतं आणि माझ्याकडे बघतं. परवा प्रज्ञाच्या लेकीने मला बाजूला घेऊन विचारलं, "आजोबा, हे चौथं तुमच्यासाठीच केलंय का?"

"हो बाळा," मी म्हणालो. "आणि दुसरंसुद्धा."