माझ्या चिठ्ठीच्या पाच झेरॉक्स

डॉक्टरीणबाईंनी माझ्या गालावर उठलेल्या लाल रेघांजवळ भिंग धरलं आणि विचारलं, "कौन-सी क्रीम लगा रही हो?"

मी पिशवीतून प्लास्टिकची घडी काढली. त्यात माझी चिठ्ठी होती, मुरुमांच्या क्रीमची. रेशनकार्डाच्या डब्यात ठेवायचे मी ती. मला वाटलं, बाई खूश होतील. इतकी जुनी चिठ्ठी इतकी नीट कोण ठेवतं?

त्यांनी ती उजेडात धरली. "ये चार साल पुरानी है. इसमें लिखा है, पंद्रह दिन. पंद्रह दिन लगाकर बंद करनी थी."

मी चौथी शिकलेली आहे. मराठी वाचते, हिंदी वाचते. ती ओळ इंग्रजीत होती. मेडिकलवाल्याने पहिल्या दिवशी एवढंच सांगितलं होतं की झोपताना लावायची. थांबायचं कधी, ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी कोणाला काही विचारत नाही, हा माझा स्वभाव.

बाई म्हणाल्या, ट्यूबमध्ये स्टेरॉइड आहे. स्टेरॉइड म्हणजे सूज आणि लाली दाबून टाकणारं औषध. थोडे दिवस लावलं तर बरं करतं. वर्षानुवर्षं लावलं तर कातडी पातळ होते, आतल्या बारीक लाल शिरा वर दिसू लागतात आणि चेहऱ्याला त्याची सवय लागते. मग बंद केलं की चेहरा पेटतो. त्याला त्या रिबाउंड म्हणाल्या, म्हणजे दाबलेलं सगळं उसळून वर येणं.

"आज से बंद. पहले बहुत बिगड़ेगा, फिर सुधरेगा. महीनों लगेंगे. बीच में एक बार भी लगाई, तो फिर वहीं से शुरू."

मी मान हलवली. बाकावर येऊन बसले तेव्हा माझ्या मनात माझा चेहरा नव्हताच. माझ्या चिठ्ठीच्या पाच झेरॉक्स होत्या.

ते आधी सांगते. चार वर्षांपूर्वी हनुवटीवर मुरूम आले, तेव्हा ही ट्यूब मिळाली. आठ दिवसांत मुरूम गेले आणि महिन्याभरात मी उजळले. लग्न होऊन इकडे हिंदी मुलखात, सोनागिरीत आले त्याला वीस वर्षं झाली होती, तोवर माझ्याकडे कोणी वळून पाहिलं नव्हतं. आता भजनाच्या बायका विचारायला लागल्या, काय लावतेस गं? मी चिठ्ठी दाखवायची. कोपऱ्यावरच्या दुकानात तिची झेरॉक्स काढून द्यायची. माझ्याकडे कोणाला देण्यासारखं असं दुसरं काही नव्हतं. चार बायकांनी नेली. पाचवी माझ्या नणंदेच्या मुलीने, केतकीने. तिच्या लग्नाला आता सात आठवडे राहिले होते आणि ती आठ महिन्यांपासून ती क्रीम लावत होती, लग्नात चेहरा छान दिसावा म्हणून.

तिला सांगायला हवं होतं. पण सांगितलं आणि तिने बंद केली, तर लग्नातच तिचा चेहरा पेटणार. नाही सांगितलं, तर ती माझ्यासारखी होणार. बाकावर बसून मी हेच फिरवत राहिले आणि घरी येईपर्यंत ठरवलं, नंतर बघू.

पहिले दोन दिवस काही झालं नाही. मला वाटलं, बाईंनी उगाच भीती घातली.

तिसऱ्या दिवशी गाल तापले. पाचव्या दिवशी डोळ्यांखाली सूज आली. सातव्या दिवशी तोंडभर बारीक पुळ्या उठल्या आणि कातडी अशी ओढू लागली की तोंड उघडून घास घेता येईना. मिरचीचा हात लागल्यावर जसं झोंबतं, तसं अखंड. पाणी लागलं तरी झोंबायचं.

मी शेजारच्या मेसमध्ये पोळ्या करते. दोनशे पोळ्या, दोन तवे. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, आंच से दूर रहना. मी ऐकून घेतलं होतं. तव्यापासून लांब राहून पोळी कशी करायची, ते त्यांना विचारणार कशी? मलमलचं ओलं फडकं तोंडाला बांधून लाटत होते. दहा मिनिटांत ते वाळायचं.

आठव्या दिवशी मेसवाल्या भाभींनी फडकं खाली ओढून पाहिलं. "हाय राम! बहन, ये छूत का तो नहीं है?"

"नहीं भाभी, दवाई का है."

"दवाई से ठीक होते हैं कि ऐसे होते हैं? थोड़े दिन आराम कर लो. लड़के देखेंगे तो रोटी छोड़ देंगे."

आराम कर म्हणजे येऊ नको. ते मला कळलं.

घरी आमचे हे म्हणाले, "टमाटर आणू नको आता. घरात आहेत दोन." मग माझ्याकडे नीट पाहिलं. संध्याकाळी न सांगता टेबलफॅन माझ्या खाटेकडे वळवून ठेवला. दुसऱ्या दिवशी कारखान्यातून येताना बर्फ आणला. पण तेही एकदा बोललेच, "थोडीशी लावून बघ ना. लग्नापुरती. लग्नानंतर सोड."

हे ऐकायचीच मी वाट बघत होते की काय, कोण जाणे. कारण अर्धी ट्यूब मी टाकली नव्हती. फ्रिजच्या दारात, लिंबाच्या लोणच्याच्या बाटलीमागे ठेवली होती. डॉक्टरीणबाईंना फेकते म्हणून सांगितलं होतं.

आमच्याकडे मुलीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मामा-मामी तिच्या मागे उभे राहतात. मामीच्या हातात पेटलेला दिवा असतो. म्हणजे सगळ्या मांडवासमोर, प्रत्येक फोटोत मी. मी कधी फोटोत येत नाही. आले तरी पदराआड. आणि आता या तोंडाने?

बारावा दिवस. दुपार. घरात कोणी नाही. मी ट्यूब काढली, निळं टोपण उघडलं. वाटाण्याएवढी क्रीम बोटावर घेतली. मला माहीत होतं, उद्या सकाळी चेहरा थंड असेल. चार वर्षांत मध्ये एकदा आई गेली तेव्हा मी गावी होते, दहा दिवस ट्यूब नव्हती, असाच चेहरा पेटला होता. परत येऊन लावली आणि एका दिवसात शांत झाला. तेव्हा मला वाटलं होतं, बघा, किती गुणी औषध. आग तीच लावत होती आणि विझवत होती तीच.

बोट गालाजवळ होतं, तेवढ्यात फोन वाजला. केतकी.

"मामी, माझी ट्यूब संपली गं. आमच्या तुलसी नगरचा मेडिकलवाला म्हणतो, नया पर्चा लाओ, जुनी चिठ्ठी नाही चालणार. तुझ्याकडे आहे का एखादी?"

मी म्हटलं, "आहे."

"वाचवलंस! उद्या येते घ्यायला."

फोन ठेवला. बोटावरची क्रीम तशीच होती. मी ती लावली नाही. फार शहाणी झाले म्हणून नाही. मला फक्त एवढं दिसलं की उद्या ती येईल तेव्हा माझा चेहरा बरा दिसला, तर ती माझं काहीच ऐकणार नाही. बोट फडक्याला पुसलं आणि भिंतीला टेकून रडले. रडणंसुद्धा झोंबत होतं.

ती आली ती खरेदीच्या पिशव्या घेऊन, बोलत बोलतच. "मामी, शालू बघ आधी. आणि घरात फडकं काय बांधलंयस? दरोडा घालायला निघालीस का?"

मी फडकं सोडलं.

तिच्या हातातली पिशवी खाली गेली. "मामी... हे काय झालं?"

"ट्यूब सोडली. डॉक्टरांनी सोडायला लावली. तूही सोड."

"मला तर काही होत नाही."

"मलाही चार वर्षं काही होत नव्हतं."

मी तिला सगळं सांगितलं, बाईंनी सांगितलं होतं तसं. आयुष्यात एका दमात इतकं बोलले नव्हते. ती ऐकत होती आणि तिचा हात आपल्या गालावर फिरत होता. मग तो हात थांबला.

"पाच आठवडे राहिले लग्नाला. आत्ता सांगतेस? तूच दिलीस ना मला?"

"हो. मीच दिली."

"मग आत्ता मी काय करू, सांग ना!"

ती उठली, फ्रिज उघडला, लोणच्याची बाटली सरकवून ट्यूब घेतली आणि गेली. तिला जागा माहीत होती. माझ्या घरात तिला सगळंच माहीत आहे, लहानपणच्या सुट्ट्या तिने इथेच काढल्या.

दुसऱ्या दिवशी शोभाताईंचा, म्हणजे तिच्या आईचा फोन. "वहिनी, पोरगी रात्रीपासून जेवली नाही. तुम्हाला मुलगी नाही, म्हणून कळत नसेल. लग्नाच्या तोंडावर असं सांगतात का? दिली तेव्हा विचार केला नाहीत, आता डॉक्टर झालात!"

मी ऐकून घेतलं. अर्धं खरंच होतं.

ते चार दिवस सगळ्यात वाईट. चेहऱ्यातून चिकट पाणी येऊन वाळायचं. उशीला गाल लावता येईना म्हणून बसून झोपायचे. आरशावर मी टॉवेल टाकला होता. काम गेलं, माणसं गेली, आणि ज्याच्यासाठी गेली, ते केतकीचं क्रीम सोडणंही होईना, कारण ट्यूब तिच्याकडेच होती. एकदा मनात आलं की आपण नसतो तर बरं झालं असतं. हे मी यांनाही सांगितलं नाही. इथे लिहितेय, कारण दुसऱ्या कोणाला असं वाटलं तर तिने कोणाला तरी सांगावं. मी सांगायला हवं होतं.

सतराव्या दिवशी पुन्हा दाखवायला बोलावलं होतं. पर्चा काढून, नंबर घेऊन त्वचा विभागाच्या बाकावर बसले. छत्तीस नंबर. अकरा वाजता कोणीतरी शेजारी येऊन बसलं. तोंडाला ओढणी.

"मामाने सांगितलं तू इथे असशील," केतकी म्हणाली. पर्समधून ट्यूब काढून माझ्या मांडीवर ठेवली. टोपण मी लावलं होतं तसंच घट्ट. "उघडली होती. मग तुझं तोंड आठवलं आणि हातच चालेना. फार वाईट दाखवलंस तू, मामी."

आम्ही एकाच नंबरवर आत गेलो. बाईंनी भिंग आधी तिच्या गालावर धरलं. शिरा दिसायला लागल्या होत्या. अगदी बारीक, लाल रेशमाच्या धाग्यांसारख्या. बाई म्हणाल्या, आठ महीने ही हुए हैं, ये अच्छी बात है. तिला त्यांनी हळूहळू सोडायची पद्धत लिहून दिली, आधी सौम्य क्रीम, मग एक दिवसाआड, मग बंद. प्रत्येकीचं वेगळं असतं, एकमेकींचं बघून करू नका, हेही सांगितलं. म्हणून तो कागद मी कोणाला देणार नाही.

"शादी में चेहरा ठीक रहेगा?" केतकीने विचारलं.

"थोड़ा लाल रहेगा. झूठ नहीं बोलूँगी. और चेहरे पर हल्दी-वल्दी कुछ नहीं."

मी तेव्हा पहिल्यांदा डॉक्टरांना काही विचारलं. "मैडम, कितने दिन, वो हिंदी में लिख दीजिए." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि दोघींच्या कागदावर, प्रत्येक औषधापुढे, हिंदीत लिहिलं.

हळदीच्या दिवशी वीस बायका जमल्या. सात आठवड्यांत माझ्या पुळ्या बसल्या होत्या, लाली होती, सालं निघत होती. केतकीचे गाल कोणी चिमटा काढल्यासारखे. कोणीतरी हळदीची वाटी घेऊन तिच्या तोंडाकडे हात नेला.

"तोंडाला नाही," मी म्हटलं.

"अहो, हळद तोंडाला नाही लावायची, मग कुठे, भिंतीला?" सगळ्या हसल्या.

"पायाला लावा. हाताला लावा. तोंडाला नाही." मी तिच्या आणि वाटीच्या मध्ये उभी राहिले. शोभाताई कोपऱ्यात होत्या. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी वाटी घेतली, खाली बसल्या आणि लेकीच्या पायाला हळद लावायला लागल्या. मग बाकीच्याही बसल्या.

लग्नात दिवा धरून मी केतकीच्या मागे उभी राहिले. ज्योतीची धग थेट गालावर येत होती. मी दिवा जरा लांब धरला. फोटोवाला म्हणाला, "मामीजी, पल्लू थोड़ा पीछे लीजिए." केतकीने मान वळवून पाहिलं. मी पदर मागे घेतला.

पाचांपैकी तीन झेरॉक्स मी परत आणल्या. त्या बायकांना माझा चेहरा दाखवूनच आणल्या, फार बोलावं लागलं नाही. चौथीने दार लावून घेतलं. तिच्याकडे परत जाणार आहे. खरी चिठ्ठी मी फाडली नाही. जाताना बरोबर नेते, पंधरा दिवस कुठे लिहिलंय ते बोट ठेवून दाखवायला.

आता सातवा महिना चालू आहे. गालाची आग गेली. ऊन आणि तवा अजून सोसत नाही, म्हणून भाभींनी परत बोलावल्यावर मेसमध्ये मी आता भाजी चिरते आणि कणीक मळते. शिरा काही जातील, काही राहतील, असं बाई म्हणतात. त्यांचे माझ्यावर उपकार आहेत. माझ्याशी खोटं बोलल्या नाहीत, हा त्यातला सर्वांत मोठा.

केतकी इंदूरला असते. दर रविवारी सकाळी, तोंड धुतल्यावर, खिडकीच्या उजेडात आपल्या चेहऱ्याचा फोटो काढून मला पाठवते. खाली लिहिते, "मामी, आज कमी आहे," नाहीतर, "आज जास्त आहे." मग मी खिडकीत जाते, पदर मागे घेते आणि माझा काढून तिला पाठवते.